पांढरे काकांची खोटी बातमी

काका गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच भाऊंचे दोन कार्यकर्ते माझ्या दुकानात आले. टेंभुर्णीच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंगचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. लग्नाच्या पत्रिका, तहसीलचे अर्ज, नेत्यांचे वाढदिवस, सगळं माझ्याकडंच होतं. त्यांना श्रद्धांजलीचा फ्लेक्स हवा होता. नमुना मोबाइलमध्ये तयार होता. मधोमध हात जोडलेले भाऊ, डोक्यापासून पायापर्यंत, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. खाली कार्यकर्त्यांच्या गोल चेहऱ्यांची रांग. आणि डाव्या कोपऱ्यात, जिथं एरवी आम्ही 'शुभेच्छुक' टाकतो तिथं, पासपोर्ट फोटोएवढे पांढरे काका. मजकूर होता, 'विश्वासार्ह पत्रकारितेचा दीप मालवला'.

मी म्हटलं, हे मी करणार नाही. त्यांना वाटलं मशीन बंद आहे. मी सांगितलं, मशीन चांगलं चालू आहे, पण हे मी करणार नाही. ते एकमेकांकडं बघत निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत दुसरीकडून तोच फ्लेक्स करून आणून नेमका माझ्या दुकानासमोरच्या खांबावर लावला. रोज शटर वर केलं की पहिलं दर्शन त्याचंच. त्या दोघांना जे सांगायला हवं होतं ते तेव्हा रागात सुचलं नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

भाऊ म्हणजे आमच्या भागाचे नेते. ते इतकी वर्षं कुठल्या ना कुठल्या खुर्चीवर आहेत की नुसतं भाऊ म्हटलं तरी पुरतं. आणि काका म्हणजे रंगनाथ पांढरे, जिल्ह्याच्या एका दैनिकाचे आमच्या भागातले वार्ताहर. उंच, वाळलेले, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांच्या आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी जमीन केली, आणि काकांनी ती कोरडवाहू जमीन सांभाळत सांभाळत बातम्या केल्या. टायपिंग ते शेवटपर्यंत शिकले नाहीत. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बातमी लिहून आणायचे आणि मी ती टाइप करून दैनिकाला पाठवायची. टाइप करताना मोठ्यानं वाचायचं, अशी त्यांची अट होती. ते माझ्या मागं उभं राहून डोळे मिटून ऐकायचे.

सुरुवातीला मी माझ्या मनानं बातमीला जरा रंग लावायची. बाकीचे वार्ताहर लिहायचे तसं 'कार्यक्रम उत्साहात संपन्न झाला' असं शेवटी जोडायची. काका डोळे उघडायचे. उत्साह तुम्ही पाहिला का, विचारायचे. मी नाही म्हटलं की म्हणायचे, मी पाहिलाय, लोकं जेवणाच्या पंगतीकडं बघून राह्यले होते. 'मान्यवर' हा शब्द त्यांना खपायचा नाही. नावं माहीत असतील तर नावं लिहा, नसतील तर ते मान्यवर कशाचे, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं त्यांच्या बातम्या तोकड्या व्हायच्या आणि दैनिकातून फोन यायचा की मजकूर वाढवा. काका सांगायचे, घडलंच तेवढं.

त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं. बातमीला जामीन लागतो, म्हणायचे. कोर्टात आरोपीला सोडवायला कुणीतरी पुढं होऊन सांगतं ना, ह्याची जबाबदारी माझी, तसंच ज्याच्या नावानं बातमी छापून आली तो तिला जामीन राहिला. उद्या ती बातमी पळाली तर ह्याला धरायचं. आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. ज्या गावाबद्दल बातमी छापून यायची त्या गावात काका दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे, पारावर नाहीतर चहाच्या टपरीवर पेपर घेऊन बसायचे. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं तोंडावर म्हणावं. असा वार्ताहर मी दुसरा पाहिला नाही. बाकीच्यांची पद्धत उलटी होती, बातमी आली की त्या गावाचा रस्ता आठ दिवस टाळायचा.

एकदा एका गावच्या रेशन दुकानाबद्दल त्यांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी पारावर बसले तर दुकानदार चार भाऊबंद घेऊन आला आणि आईबहिणीवरून सुरू झाला. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग पेपर पुढं केला आणि म्हणाले, ह्यातली कोणती ओळ चूक आहे तेवढ्यावर बोट ठेव. तो गडबडला. पुष्कळ वेळ शोधून त्यानं एक ओळ काढली. दुकान भर दुपारी बंद होतं असं लिहिलंय, पण त्या दिवशी त्याच्या चुलतीची माती होती. काकांनी ते तिथंच लिहून घेतलं आणि दुपारी माझ्याकडं आले. तिसऱ्या दिवशी पेपरात आलं की सदर दिवशी दुकान अंत्यविधीमुळं बंद होतं, त्या उल्लेखाबद्दल दिलगीर आहोत. पुढची ओळ होती, धान्य मात्र त्याआधीचा महिनाभरही वाटलेलं नव्हतं. दुकानदारानं म्हणे तो अंक घरात कुणाला दाखवला नाही.

त्यांचा दुसरा प्रकार तर सगळ्या तालुक्यात गाजला. आमच्याकडं भूमिपूजनाला तोटा नाही. नारळ फुटतो, कोनशिला बसते, फोटो निघतो आणि मग त्या कोनशिलेवर पोरं गोट्या खेळतात. काकांनी काय केलं, नेत्यांचे वाढदिवस पेपरात पानभर येतात ना, तसा कोनशिलांचा वाढदिवस सुरू केला. एका रस्त्याच्या कोनशिलेला वर्ष झालं त्या दिवशी ते पेढे घेऊन गेले, दगडाला हार घातला, जमलेल्या लोकांना पेढे वाटले आणि बातमी पाठवली की कोनशिला एक वर्षाची झाली, रस्त्याचा अजून पाळणा हलायचा आहे. दैनिकातल्या कुणाला तरी हसू आलं असणार, कारण बातमी चौकटीत छापून आली. आठ दिवसांत मुरमाचे ट्रॅक्टर सुरू झाले. पुढं पुढं अधिकारी वाढदिवस जवळ आला की आधीच फोन करायचे की काका, पेढे आणू नका, काम चालू करतोय.

भाऊंनी यावर राग धरला नाही. भाऊ रागावणाऱ्यातले नाहीतच. त्यांनी एका सभेत काकांकडं हात करून सांगितलं की पांढरे साहेब म्हणजे आमचे कडक मास्तर, यांनी पास केलं की आम्ही पास. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका त्या दिवशी सभेतून दुकानात आले. मी म्हटलं, कौतुक केलं की तुमचं. ते म्हणाले, "ताई, बैलाला झूल घालतात तव्हा त्याला बाजारात न्यायचं असतं."

मला तेव्हा ते बोलणं उगीच तिरकस वाटलं होतं.

टेंभुर्णीपासून पुढं डोंगराच्या अंगाला एक वस्ती आहे. वरची वस्ती म्हणतात तिला. मेंढपाळांची घरं, आता कुणी शेती करतं, कुणी मजुरीला जातं, काही अजून मेंढरं घेऊन बाहेर असतात. वस्तीला पाणी नाही. दिवाळी सरली की टँकर लागतो. त्या वस्तीसाठी नळयोजना झाली. खाली तलावाजवळ विहीर, वस्तीवर उंच टाकी, दारोदार नळ. उद्घाटनाला भाऊ आले, फीत कापली, तोटी फिरवली आणि पाणी आलं. काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ऐकीव बातमी ते कधीच लिहायचे नाहीत. त्यांनी घराघरात जाऊन तोट्या फिरवून पाहिल्या. सगळीकडं पाणी. त्यांनी बातमी लिहिली, वरच्या वस्तीला नळाचं पाणी मिळालं. खाली त्यांचं नाव.

दुसऱ्या दिवशी नेमाप्रमाणं ते वस्तीवर जाऊन बसले. तेव्हाही पाणी होतं. सखुबाई नावाच्या एका म्हातारीनं त्यांना नळाच्या पाण्याचा चहा करून दिला. बायका खुशीत होत्या. काका खाली आले तेव्हा मला म्हणाले, इतक्या वर्षांत एवढी गोड बातमी पहिल्यांदाच लिहिली.

पुढच्या आठवडी बाजाराला सखुबाई खाली आली आणि थेट माझ्या दुकानात काकांना शोधत आली. पाणी आणखी एकच दिवस आलं होतं. मग तोटीतून नुसती हवा. पोरांनी खाली जाऊन पाहिलं तर विहिरीवर मोटारच बसवलेली नव्हती. ठेकेदारानं उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टँकर आणून वरची टाकी भरली होती. आणि ते टँकर कुठले, तर वस्तीच्याच वाट्याचे. दोन दिवस टँकर आला नव्हता तो याच्यासाठी. बायकांना सांगितलं होतं, उद्घाटन आहे, आता टँकरचं काय काम. वस्तीच्या तोंडचं पाणी काढून तेच टाकीत घातलं आणि तेच त्यांना नळातून दाखवलं. हे करणाऱ्याच्या डोक्याला काय म्हणावं मला कळत नाही.

खरी गोष्ट पुढंच होती. वस्तीचा टँकर आता कायमचा बंद झाला होता. लोक तहसीलला गेले तर साहेबांनी काकांच्या बातमीचं कात्रण पुढं केलं. आढावा बैठकीत भाऊंनी ते स्वतः वाचून दाखवलं होतं. माझ्या माणसांचं ऐकू नका, म्हणाले होते, पण पांढरे साहेबांसारखा कडक माणूस लिहितोय की पाणी आलं, मग आलंच. सखुबाईनं एवढं सांगितलं आणि काकांकडं बघून म्हणाली, "तू लिहिलंस म्हणून आमचं पाणी गेलं, बाबा."

काका बाकावर बसले होते ते उठले आणि पुन्हा बसले. त्यांनी सबब सांगितली नाही. फसवलं मला, असंही म्हणाले नाहीत. मीच मधे पडून म्हणाले की काकांचा काय दोष, त्यांनी डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं. तर मलाच गप्प केलं. म्हणाले, "म्या तोटी पाहिली, विहीर न्हाई पाहिली. दोन दिवस टँकर काहून आला न्हाई, ते बी न्हाई विचारलं. चूक माझी हाये."

मग त्यांनी मला खुलासा टाइप करायला सांगितला. वरच्या वस्तीला पाणी मिळाल्याची माझी बातमी खोटी होती, चूक माझी आहे, वस्तीला आजही पाणी नाही. बस्स, इतकाच मजकूर. तो पाठवला. दोन दिवस आला नाही. काकांनी दैनिकात फोन केला. स्पीकर चालू होता म्हणून मीही ऐकलं. तिकडचे साहेब समजावत होते की अहो, आपणच आपली बातमी खोटी म्हटली तर वाचकांचा विश्वास उडेल. काका म्हणाले, न्हाई छापला तर उडायला पायजे. तिकडून हसण्याचा आवाज आला. मग सांगण्यात आलं की पुढच्या आठवड्यात भाऊंच्या वाढदिवसाची पुरवणी आहे, त्यानंतर बघू.

भाऊंच्या वाढदिवसाची जाहिरात जिथं पानंच्या पानं अडवते, तिथं दोन ओळींच्या खऱ्याला जागा नाही. आणि वर चिंता कशाची, तर वाचकांच्या विश्वासाची! मी इतके दिवस ह्या लोकांच्या बातम्या टाइप करत होते, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या पेपराची किळस आली.

काका वाट बघत बसणाऱ्यातले नव्हते. आमच्या बाजारात भोंगा लावलेली एक रिक्षा फिरते. कुणाचं जनावर हरवलं, कुणाकडं साड्यांचा सेल लागला, कोण वारलं, हे सगळं ती सांगत जाते. पुढच्या बाजाराच्या दिवशी काकांनी ती रिक्षा केली, ड्रायव्हरशेजारी बसले आणि माइक हातात घेऊन भरबाजारात आपला खुलासा वाचला. भाजीच्या ओळीतून, मिरचीच्या ओळीतून, जनावरांच्या बाजारातून. मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. "मी रंगनाथ पांढरे. वरच्या वस्तीला पाणी आलं ही माझी बातमी खोटी होती. चूक माझी हाये. वस्तीला पाणी न्हाई. टँकर बंद हाये. ज्यांनी ज्यांनी माझी बातमी वाचली त्यांनी हे बी ऐका."

लोक थांबून बघत होते. कुणी हसलं, कुणी डोकं फिरलं म्हणालं. बऱ्याच जणांनी मोबाइल वर केले. संध्याकाळी तो व्हिडिओ सगळ्या ग्रुपवर फिरला, पण सगळा नाही. 'ही माझी बातमी खोटी होती' एवढंच वाक्य कापून घेतलेलं, वर लिहिलं होतं, 'पत्रकाराची कबुली'. वस्तीचं नाव गाळलं, टँकर गाळला, पाणी गाळलं. हातात बूम माइक घेऊन फिरणाऱ्या एकदोन यूट्यूबवाल्यांनी त्यावर चर्चा ठेवली की माध्यमांवर विश्वास ठेवायचा का. त्यातला एकही जण वस्तीवर गेला नाही. गावातले लोक काकांना विचारायला लागले, खोटं लिहायचे किती घेतले होते? ज्यांच्या रेशनसाठी, रस्त्यासाठी ह्या माणसानं शिव्या खाल्ल्या, तेच विचारत होते. रेशनवाला तर पारावर बसून सांगत होता की तेव्हाचं माझंही सगळं खोटंच लिहिलं होतं.

आठ दिवसांत दैनिकात काकांचा फोटो आला. छोटी चौकट होती, सदर इसमाचा आमच्या दैनिकाशी कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही. पळून गेलेल्या पोराचा देतात तसा फोटो. खुलाशाला जागा नव्हती, ह्याला होती. मी तो पेपर काकांच्या हातात देणार नव्हते, पण त्यांनी आधीच टपरीवर वाचला होता. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं की फोटो जुना लावलाय, आता एवढे केस न्हाईत.

टँकर मात्र अजून सुरू झालेला नव्हता. काका जाफराबादला तहसीलमध्ये गेले. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. म्हणाले, काका, व्हिडिओवर मी काय करू, वरून मला विचारलं तर दाखवायला काहीतरी लागेल, तुम्ही सहीनिशी द्या. काका माझ्याकडं आले. मी म्हटलं, आता जरा जपून लिहू या, 'प्राप्त माहितीच्या आधारे अनवधानाने त्रुटी राहिली' असं टाकू, उद्या हाच कागद तुमच्या गळ्यात अडकवतील. मला खरंच त्यांची काळजी वाटत होती. काका म्हणाले, "ताई, गुळगुळीत लिहू नका. गुळगुळीत लिहिलं की टँकर येत न्हाई." त्यांनी सांगितलं तसंच मी टाइप केलं, खोटी होती, चूक माझी. त्यांनी सही केली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वस्तीवर टँकर पुन्हा गेला. हे कुठल्या पेपरात आलं नाही. त्या कागदाच्या प्रती मात्र भाऊंच्या माणसांनी गावोगाव वाटल्या.

मग आला पत्रकार दिन. तालुक्याच्या पत्रकारांनी मंगल कार्यालयात परिसंवाद ठेवला. विषय, 'माध्यमांची विश्वासार्हता आणि लोकप्रतिनिधींची जबाबदारी'. मांडव, जेवण, शाली, सगळं भाऊंकडून. उद्घाटक भाऊ, अध्यक्ष भाऊंचे मेहुणे. फ्लेक्स माझ्याच दुकानात झाला म्हणून मला निमंत्रण होतं. काकांना नव्हतं, पण ते आले आणि शेवटच्या रांगेत बसले. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मी जाऊन एकीवर बसले.

भाऊ छान बोलतात, ते नाकारता येणार नाही. म्हणाले, विश्वास हा काचेच्या भांड्यासारखा असतो. एकदा तडा गेला की गेला. मग जरा हसून म्हणाले, आपल्याकडं तर असेही महाशय आहेत जे भोंगा लावून सांगतात, मी खोटं लिहिलं. आता अशा माणसांचं आम्ही खरं काय मानायचं आणि खोटं काय मानायचं? सभागृह हसलं. ज्यांनी आयुष्यात एकदाही खुलासा छापला नाही ते सगळे पत्रकार हसले.

काका उभे राहिले. सूत्रसंचालक म्हणाला, प्रश्नोत्तरं शेवटी. काका बसले नाहीत. माइकही मागितला नाही. "भाऊ, बातमी माझी होती, ती खोटी निघाली. म्या बाजारात जाऊन सांगितलं. फीत तुमची होती. ती बी खोटी निघाली. तुम्ही कव्हा सांगता?"

मला वाटलं, आता काहीतरी होईल. आता भाऊ चिडतील, नाहीतर उत्तर तरी देतील. काही झालं नाही. भाऊंनी हात जोडले आणि म्हणाले, पांढरे साहेब आमचे वडीलधारे आहेत, सध्या त्यांची मनःस्थिती ठीक नाही, आपण त्यांना समजून घेऊ. आणि टाळ्या पडल्या. ह्या टाळ्या मी विसरणार नाही. प्रश्न विचारणाऱ्याला वेडा ठरवलं आणि सगळ्यांना ते पटलं, नाहीतर पटवून घेणं सोयीचं वाटलं. मग शाली वाटल्या, जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत एकच बातमी, परिसंवाद उत्साहात संपन्न.

त्यानंतर काका खचत गेले. दम लागायचा. मोटारसायकल चालवणं बंद झालं. पेपर नव्हता, बातमी नव्हती, तरी दुकानात यायचे, बाकावर बसायचे आणि मी दुसऱ्या कुणाचं टाइप करताना मोठ्यानं वाचलं की डोळे मिटून ऐकायचे. गेले त्याच्या दोनतीन आठवडे आधी मला म्हणाले की वरच्या वस्तीवर न्या. निवडणूक जवळ आली होती आणि भाऊ वस्तीवर येणार असं त्यांना कळलं होतं. मी स्कूटीवर मागं बसवून नेलं.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊ देवळापुढं उभे होते. पोरांनी माइक लावला होता. वस्तीच्या बायका समोर बसल्या होत्या, आपली भांडी टँकरच्या वाटेला ओळीनं लावून आल्या होत्या. काका मागं एका दगडावर बसले. भाऊंनी सुरुवात केली, माझ्या मायबहिणींनो. एवढ्यात सखुबाई उठली, पुढं गेली आणि तिनं माइक आपल्या तोंडाकडं ओढला. "तुम्ही पाणी आलं म्हणून गेल्ते. ते आल्तं का? आधी तेवढं सांगा, मंग बाकीचं बोला. ह्या म्हाताऱ्यानं बाजारात सांगितलं, तव्हा त्याचं काय झडलं? तुमचं काय झडतंय?"

बाकीच्या बायकाही बोलायला लागल्या. सांगा म्हणल्या. नुसतं चुकलं म्हणा. भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण पाय गाडीकडं वळले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, पुढच्या वस्तीला उशीर होतोय म्हणाले आणि गाड्या धूळ उडवत पुढं गेल्या. बायकांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. टँकरचा आवाज आला तशा उठून भांड्यांकडं गेल्या.

उतरताना अर्ध्या वाटेत काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थांबा ताई. त्याची बाजू घ्यायची राह्यली."

मला आधी कळेचना. मग कळलं. पेपर नाही, छापणारं कुणी नाही, ज्यानं वेडा ठरवलं त्याची बाजू ह्यांना हवी होती. मी म्हटलं, काका, कुणासाठी? ते म्हणाले, बातमी झाली ना आत्ता, एकाच बाजूची कशी लिहायची? पुढची वस्ती करून भाऊ ह्याच वाटेनं परत येणार होते. आम्ही बाभळीखाली थांबलो. दुपार चढत गेली. काकांनी कॅलेंडरचा एक कागद घडी करून खिशात आणला होता, त्यावर सखुबाई काय म्हणाली ते जसंच्या तसं उतरवून काढलं आणि मला वाचून दाखवलं.

गाड्या दिसल्या तसे ते उठले आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. एक हात वर, दुसऱ्या हातात कागद. मी ओरडले, बाजूला व्हा. ते झाले नाहीत. पहिली गाडी थांबल्यासारखी झाली. काचेआड भाऊ मला स्पष्ट दिसले. त्यांनी काकांकडं पाहिलं, मग ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं. गाडी रस्ता सोडून शेतातल्या ढेकळांतून वळसा घालून निघाली. मागच्या गाड्याही तशाच. एकानंही काच खाली केली नाही.

धूळ खाली बसली. काका तिथंच उभे होते, हात अजून थोडा वर होता. त्यांनी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, बाभळीखालच्या दगडावर येऊन बसले आणि कागद गुडघ्यावर धरून पेन उघडलं. लिहिता लिहिता मला म्हणाले, "विचारणा केली, उत्तर दिलं न्हाई. असं लिहू. ते खरं हाये."